एकोणीस नंबरची चिंधी

१

साहेब, धोंडू सावंतांना तुम्ही मारलंत.

चौकशी समितीने अक्षदा सिस्टरचं नाव लिहिलं आणि पोलिसांनी तेच उतरवून घेतलं. ते गेले तेव्हा तुम्ही चौथ्या मजल्यावर नव्हतात. खाली मांडवात होतात, इस्पितळाचे मुख्य विश्वस्त म्हणून गळ्यात हार घालून. ठाऊक आहे मला. तरी सांगतो, तुम्हीच मारलंत. कसं ते क्रमाने लिहितो. एक ओळ खोटी निघाली तर मला कोर्टात खेचा, मी येईन.

मी रघू. परळच्या आपल्या इस्पितळातल्या गॅसरूमचा माणूस. ऑक्सिजनचे भरलेले सिलेंडर येतात आणि रिकामे परत जातात. मधलं जे काय असतं ते बावीस वर्षं माझ्या हातात आहे.

त्या सोमवारी जुनी इमारत रिकामी करून गल्लीपलीकडच्या अकरा मजली नव्या इमारतीत एकसष्ट रुग्ण न्यायचे होते. एका सकाळीत. साडेअकराला तुम्हाला उद्घाटनाची फीत कापायची होती ना!

धोंडू सावंत चौऱ्याहत्तर वर्षांचे. तीस वर्षं गिरणीत कापसाची धूळ ओढली, फुफ्फुसात कापूसच राहिला. दहा वाजून दहा मिनिटांनी अक्षदा सिस्टरने त्यांना सिलेंडरवर चौथ्या मजल्यावर आणलं आणि डाव्या रांगेतल्या तीन नंबरच्या बेडवर ठेवलं. सिलेंडरची नळी काढली, भिंतीतल्या ऑक्सिजनच्या तोंडाला लावली. दहा पंचावन्नला ते गेले.

प्रेत पडद्याआड ठेवलं. तुमची फेरी होईपर्यंत. शेवंतीकाकी आत नवऱ्याचे पाय धरून बसल्या होत्या आणि पडद्याच्या अलीकडे तुम्ही भिंतीवर टिचक्या मारत पाहुण्यांना म्हणालात, "इंटरनॅशनल स्टँडर्ड!"

मंगळवारी सकाळी हुकूम निघाला. रिकाम्या सिलेंडरवरून रुग्ण हलवल्याने मृत्यू. अक्षदा गावडे निलंबित, पोलिसांत तक्रार. पुरावा म्हणून लिफ्टपाशी सापडलेला सत्तावीस नंबरचा सिलेंडर, काटा शून्यावर. तो भरलेला म्हणून देणारा कोण? त्याच कागदावर खाली माझं नाव होतं.

अक्षदा गॅसरूमच्या पायरीवर येऊन बसली. सत्तावीस वर्षांची पोरगी, घरी तीन वर्षांची मुलगी.

"रघूदादा, खरं सांग. रिकामा होता का रे?"

मला राग आला नाही. मी रात्रभर स्वतःला तेच विचारत होतो.

२

सुनेत्रा कर्णिकबाई आमच्या मेट्रन. दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या, प्रभादेवीला राहतात. मंगळवारी दुपारी काठी टेकत गॅसरूममध्ये आल्या आणि माझ्या स्टुलावर बसल्या.

"रघू, रडगाणं नंतर. सिलेंडर कोणता होता?"

"सत्तावीस म्हणतायत."

"म्हणतायत ते राहू दे. तुझी चिंधी काय म्हणते?"

लाज वाटली. बाईंना आठवलं, मला नाही.

चिंधी म्हणजे असं. फाटकी चादर धोब्याकडून यायची. मी तिच्या पट्ट्या फाडायचो, धोब्याच्याच न पुसणाऱ्या शाईने त्यावर सिलेंडरचा नंबर घालायचो आणि भरलेल्या सिलेंडरच्या गळ्यात बांधायचो. पहिल्यांदा चावी फिरवणाऱ्याने चिंधी सोडायची आणि रुग्णाच्या मनगटाला बांधायची. सिलेंडरला चिंधी आहे म्हणजे भरलेला, नाही म्हणजे वापरातला. आमच्या इस्पितळाबाहेर ही पद्धत कुठे नसेल. तुमच्या नव्या माणसांना तर ठाऊकच नव्हती.

"पण बाई, चिंधी आता कुठे मिळणार? त्यांना काल नेलं."

"मनगटावरचं कोण काढतं? बायको. ऊठ."

जाता जाता मी विचारलं, "तुम्ही कशाला यात पडताय? पेन्शन अडवतील."

बाईंनी पर्समधून कागद काढला. तुमच्या ऑफिसने वाटलेला, एका पानाचा, 'रुग्ण स्थलांतर कार्यक्रम'.

"मी चौदा पानांचा केला होता रे. तीन दिवसांचा. तू ट्रॉलीवर आडवा झाला होतास, आठवतंय?"

कसं विसरेन? पोटावर पाण्याने भरलेला पेला ठेवून मला जुन्या वॉर्डातून नव्या वॉर्डात नेलं होतं, सहा वेळा. जिथे पाणी सांडलं तिथे बाईंनी खडूने फुली मारली. गल्लीतला खड्डा, लिफ्टची चौकट, वळणावरचा उंबरा. सगळी पोरं हसत होती, "रघूदादा मयत झाला रे!" बाई मात्र घड्याळ बघून लिहीत होत्या.

"माझा नववा नियम यात शोध."

शोधला. नव्हता.

"भिंतीच्या ऑक्सिजनवर अर्धा तास रुग्ण ठीक राहिल्याशिवाय सिलेंडर बेडपासून हलवायचा नाही, असा होता तो. इथे काय लिहिलंय बघ. सिलेंडर पाच मिनिटांत परत पाठवावा." बाईंनी कागदाची घडी घातली. "माझा नियम कुणी काढला ते नंतर बघू. आधी हे बघू की माझा नियम असता तर हा माणूस जगला असता का."

३

लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. शेवंतीकाकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. फोटोला हार होता, आणि हाराखाली चौकटीला एक मळकी पट्टी बांधलेली.

"काकी, ही?"

"ती तेंच्या हाताक होती. माका वाटला सिस्टरनं कसलो तरी दोरो बांधल्यान, बरा होवचो म्हणान. म्हणान ठेवलंय."

मी वाकून पाहिलं. माझंच अक्षर. एकोणीस.

सत्तावीस नव्हता! मी खाली बसलो. बाईंच्या चेहऱ्यावर मात्र काही दिसलं नाही.

"शेवंतीबाई, मला सांगा. भिंतीला नळी लावल्यावर ते काय करत होते?"

"काय करतले? मास्क ओढून काढीत. सिस्टर परत लावी. आणि दाराकडे हात करून दाखवीत. माका वाटला पिशवी मागतत, कपड्यांची पिशवी ट्रॉलीवर रवली होती. मी म्हटलंय, येतली ओ पिशवी, गप रवा." काकींनी फोटोकडे बघितलं. "मरणाच्या टायमाक मी तेंका गप रवा म्हटलंय."

बाई हळूच म्हणाल्या, "ट्रॉलीवर पिशवीशिवाय आणखी काय होतं?"

"तो सिलेंडर, दुसरा काय!"

४

"एकोणीस नंबर पुढे कुठे गेला?" जिन्यातच बाईंनी विचारलं.

पहिला रुग्ण चिंधीवरून कळतो, परतलेला सिलेंडर पुढे कुणाला दिला तेवढंच माझ्या वहीत होतं. लक्ष्मीबाई. डावी रांग, पाच नंबरचा बेड. अकराला तोच सिलेंडर त्यांना घेऊन आला. सोमवारी दुपारीच त्यांना आयसीयूत हलवलं होतं, आता बऱ्या होत्या. त्यांचा मुलगा वरद आयसीयूबाहेर बाकावर बसलेला भेटला. दादरला मोबाईलचं दुकान आहे त्याचं.

"मी तुम्हाला काय सांगू मॅडम, मी तर भांडखोर म्हणून बदनाम झालो ना इथे! ते लोक बोलले, सिलेंडर द्या, दुसऱ्या पेशंटला पाहिजे. मी बोललो, नाय देणार. माझ्या समोरच त्या काकांचा पडदा लावला होता, माझी फाटली होती. मी सिलेंडरवर हात टाकून बसलो. व्हिडिओपण काढला, हा बघा."

व्हिडिओत शिव्या होत्या, सिक्युरिटीचा दंडुका होता आणि सिलेंडरच्या गळ्यावर पांढऱ्या रंगात १९.

"किती वेळ बसलास?" बाईंनी विचारलं.

"अडीच तास. आई एकदम ओके. बोटाचं मशीन चौऱ्याण्णव दाखवत होतं. दीडला मोठे डॉक्टर आले, समजावलं, म्हणून सोडला. भिंतीची नळी लावली आणि वीस मिनिटांत आई निळी पडायला लागली! नशीब डॉक्टर तिथेच होते. दुसरा सिलेंडर लावून वर पळवली. बोलले, शिफ्टिंगचं टेन्शन आहे."

बाई बाकावर बसल्या. काठी दोन्ही हातांत धरून.

"रघू, बघ. एकोणीस नंबरने धोंडूंना आणलं. तो रिकामा असता तर पुढे अडीच तास लक्ष्मीबाईंना पुरला असता? म्हणजे सिलेंडर ठीक. आता दोघांत सारखं काय? सिलेंडरवर बरे, भिंतीवर गुदमरले. आणि उजव्या रांगेत भिंतीवरच्या ऑक्सिजनचे चार रुग्ण आहेत, चौघे व्यवस्थित जेवतायत."

"मग डाव्या रांगेत गॅस येत नसेल."

"अक्षदाला फोन लाव."

अक्षदा पलीकडून कळवळून सांगत होती. "बाई, येत होता हो! काचेच्या नळीतली गोळी वर नाचत होती. मी पाचवरून दहा केला, दहावरून पंधरा. गोळी वरच्या टोकाला. आणि बोटाचं मशीन ऐंशी, सत्तर, बासष्ट. मला वाटलं मशीनच बिघडलं. डॉक्टरांना तीन फोन केले, ते खाली स्वागताला उभे. सिलेंडर मागितला तर पुढच्या पेशंटकडे गेलेला."

बाईंनी फोन ठेवला.

"गोळी नाचत होती. म्हणजे भिंतीतून काहीतरी येत होतं, रघू. काय येत होतं?"

५

बुधवारी सकाळी भेटीच्या वेळेत मी वॉर्डात गेलो. खिशात दोन रबरी हातमोजे. एक डाव्या रांगेच्या तोंडाला लावून फुगवला, एक उजव्या. गाठी मारल्या आणि जुन्या इमारतीच्या मागच्या मोकळ्या अंगणात आणले. आसपास काही नाही, कुणी नाही. बाईंनी पर्समधून उदबत्ती काढून पेटवली आणि फुंकून नुसतं निखाऱ्याचं टोक ठेवलं.

उजव्या रांगेचा मोजा मी त्या टोकावर हळूच सोडला. निखारा भक्कन पेटला, पांढरी ज्योत उठली. ऑक्सिजन असाच पेटवतो.

डाव्या रांगेचा सोडला. निखारा थोडा लाल झाला. आणि तसाच राहिला. तोंडाने फुंकर घातल्यासारखा.

"हवा," बाई म्हणाल्या. "साधी हवा."

नव्या वॉर्डात दोन नळ आहेत साहेब, तुम्हाला कदाचित ठाऊकही नसेल. एक ऑक्सिजनचा, एक यंत्रांना लागणाऱ्या साध्या हवेचा. भिंतीवर पाटी ऑक्सिजनची होती. मागे नळ हवेचा जोडलेला. तुम्ही-आम्ही त्यावर जगू. कापसाने भरलेलं फुफ्फुस नाही जगत. तो म्हातारा मरेपर्यंत सिलेंडरकडे बोट दाखवत होता. त्या वॉर्डात खरं काय ते एकट्या त्यालाच कळलं होतं.

मी धावत वर जाऊन डाव्या रांगेच्या सगळ्या तोंडांवर चिकटपट्टी मारली. ड्युटीवरची सिस्टर ओरडली, "ओ रघूदादा, कोणाला विचारून?" मी म्हटलं, "धोंडू सावंतांना."

पण नळ चुकला कसा? आणि तपासला कसा नाही?

६

नळ जोडणारा फिटर रामजी शीव कोळीवाड्यात राहतो. दारात जाळं विणत बसला होता, रविवारी भावाच्या होडीवर जातो म्हणाला. आम्ही इस्पितळाचं नाव सांगितलं आणि त्याच्या हातातली सुई थांबली.

"माणूस मेला तो माझ्याच नळावर ना?"

"तुला कसं कळलं?"

"पेपरात चौथा मजला वाचलं. तवापासून जेवण नाय गेलं." तो वर बघेना. "बाई, त्या वॉर्डात आधी बारा बेड होते, उजवीकडचे. ते बरोबर जोडले मी. मग शेवटच्या आठवड्यात सांगितलं अजून बारा वाढव, डावीकडे. पत्रिकेत आकडा मोठा छापलाय म्हणे. मी आलो तर नळ ओळखूच येईनात. ऑक्सिजनवर पांढरा पट्टा असतो, हवेवर काळा-पांढरा. सगळ्यांना क्रीम रंग मारलेला! वरपासून खालपर्यंत एकच रंग."

"मग कसा जोडलास?"

"विचारलं. सांगितलं, डावीकडचा ऑक्सिजनचा. आता वॉर्डाच्या बाजूने बघितलं तर डावीकडचाच हाय. पण वॉर्डात फरशी घासत होते, मला आत सोडलं नाय. मी मागून, संडासाच्या बाजूने, हात घालून जोडला. मागून बघितलं की डावा तो उजवा. माझी चूक हाय, मी नाय म्हणत नाय. पण मी वहीत लिवलं. पट्टे नाहीत, गॅस तपासून मगच चालू करावा. सही केली."

"वही कुठे?"

"त्याचं पान नील साहेबांच्या फाइलला लावलं."

७

नील तुमचा प्रोजेक्ट ऑफिसर. अठ्ठावीसचा, शिवाजी पार्कात वाढलेला, नीटस बोलणारा. बाईंना बघून उभा राहिला.

"फाइल मिळत नाहीये मॅडम. शिफ्टिंगमध्ये गहाळ झाली."

"एकसष्ट रुग्ण पोचले, एक फाइल नाही पोचली?"

त्याने टेबलावरचे कागद उगाच चाळले.

"नील, आडून विचारत नाही. ऑक्सिजनची तपासणी कधी होती?"

"बुधवारी. मशीन घेऊन माणूस येणार होता. पण उद्घाटन सोमवारी आणलं. वरून."

"तुझी सही आहे तपासणीवर?"

"नाही. मी जागा कोरी सोडली होती. आईशप्पथ." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "शनिवारी फाइल वर मागवली. त्यानंतर मी ती पाहिलेली नाही."

"आणि रंग?"

त्याने दार लावलं. फोन काढला, बराच वेळ हातात नुसता धरून ठेवला. मग एक आवाजी निरोप लावला. सतरा सेकंदांचा.

"ते पट्टे पट्टे काय लावलेत रे? सर्कस आहे का? फोटोत घाण दिसतंय. सगळं एका रंगात करून टाक. आणि त्या कर्णिकबाईंचं रामायण बंद करा, तीन दिवस म्हणे! एका सकाळीत उरका."

साहेब, बावीस वर्षं दर पंधरा ऑगस्टला मी तो आवाज ऐकतोय. भाषणाच्या आधी खाकरता तसेच या निरोपाआधीही खाकरलात.

बाई उभ्या राहिल्या. "नील, हे समितीपुढे ऐकवशील?"

"ऐकवीन," तो म्हणाला.

त्या क्षणी मला वाटलं होतं की अक्षदा सुटली.

८

गुरुवारी सकाळी चौथ्या मजल्यावर फळी लावली होती, 'देखभालीचे काम'. आत ठोकाठोक. दुपारी फळी निघाली. डाव्या रांगेचे नळ बदललेले, आणि त्यावर पुन्हा क्रीम रंग, ओला. मी मोजा भरून अंगणात नेला. निखारा भक्कन पेटला. आता सगळं इंटरनॅशनल स्टँडर्ड!

शुक्रवारी समिती बसली. नील म्हणाला, असा कोणताही निरोप नव्हता, आपण कर्णिकबाईंना ओळखतो एवढंच. रामजीला आत बोलावलंच नाही, कंत्राटदाराने त्याला काढून टाकलं. वरदच्या व्हिडिओवर शेरा पडला, 'असभ्य भाषा, दखलपात्र नाही'. शेवंतीकाकी लालबागहून चालत आल्या होत्या, पदरात चिंधी बांधून. समितीच्या अध्यक्षांनी ती दोन बोटांत धरली.

"हे काय आहे?"

"सिलेंडरचा नंबर," बाई म्हणाल्या.

"ही चिंधी आहे, मॅडम."

काकींनी ती त्यांच्या बोटांतून काढून घेतली. "तुमका चिंधी. माझो घोव गेलो तिच्याबरोबर." आणि निघाल्या.

अहवाल सहा ओळींचा. सिलेंडर रिकामा, परिचारिकेचा निष्काळजीपणा. अक्षदावर खटला उभा राहतोय. तिची नोंदणी रद्द होईल, कुठेच नोकरी मिळणार नाही. काल भेटली. म्हणाली, "रघूदादा, आता मलाच वाटायला लागलंय की रिकामाच होता." वेडी आहेस, एवढंही मला तिला म्हणता आलं नाही. कारण ती शहाणी आहे म्हणूनच मोडली.

बाईंनी आपली चौदा पानं मला आणून दिली. म्हणाल्या, "ठेव. पुढच्या इमारतीला लागतील." मग काठी उचलत, "तेव्हाही कुणी वाचणार नाही."

मला कामावरून काढलंय. जुनी इमारत पाडली. गॅसरूमही पडली, चिंध्यांचं गाठोडं आतच राहिलं. माझ्याकडे चिंधीचा फोटो आहे, वरदचा व्हिडिओ आहे आणि हा कागद आहे. ते निरुपयोगी आहेत हे मला समितीने दाखवून दिलं. तरी तुमच्या दारावर डकवतोय.

गोड बोलू नका. दुखवटा पाठवू नका. सिलेंडर रिकामा होता म्हणता ना? मग एवढंच सांगा, साहेब. भिंतीतला नळ जर बरोबर होता, तर गुरुवारी सकाळी तो कुणाच्या हुकमावरून बदलला?

शेवंतीकाकी रोज दहा वाजून दहा मिनिटांनी तुमच्या फाटकाशी येऊन उभ्या राहतात, चिंधी हातात घेऊन. मला नको, त्यांना उत्तर द्या.